क्विक-चेंज रिअर ॲक्सल (विंटेज) : रचना आणि ओळख

शर्यतीच्या मोटारीचा असा मागचा ॲक्सल, ज्याचे अंतिम गिअर-गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती फेरे घेतो तो आकडा) क्राउन-पिनियनला, म्हणजे चाके फिरवणाऱ्या मोठ्या गिअरला आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला, हात न लावता बदलता येते. मागचे झाकण काढायचे, आतले दोन गिअर बदलायचे किंवा त्यांची वर-खाली अदलाबदल करायची आणि झाकण पुन्हा बसवायचे, एवढेच काम. सरावलेले हात ते काही मिनिटांत उरकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मिजेट (अगदी लहान, उघड्या चाकांच्या शर्यतीच्या मोटारी), स्प्रिंट (त्यांच्याहून मोठ्या) आणि इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीच्या मोटारींमध्ये हा ॲक्सल सर्रास दिसू लागला. त्या काळातील ॲक्सल आज जुन्या शेडमध्ये किंवा सुट्या भागांच्या ढिगात सापडतात तेव्हा त्यांच्यावर नाव असतेच असे नाही, आणि असलेले नाव खरे सांगेलच असेही नाही.

साध्या ॲक्सलमध्ये इंजिनाची शक्ती आणणारा प्रोपेलर शाफ्ट पुढून येऊन पिनियनला फिरवतो. क्विक-चेंजमध्ये तो हौसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या ओतीव कवचाच्या, खालच्या भागात शिरतो आणि क्राउनच्या खालून थेट मागे निघतो. तिथे त्याच्या टोकावर सरळ दात्यांचा एक गिअर असतो व त्याच्या डोक्यावर दुसरा. हा वरचा गिअर पिनियनच्या शाफ्टवर बसतो, आणि पिनियन मागून पुढे, क्राउनकडे तोंड करून असते. दोन सरळ गिअरांमुळे फिरण्याची दिशा एकदा उलटते, पिनियन क्राउनच्या मागे असल्यामुळे पुन्हा उलटते, आणि चाके पुढच्याच दिशेला फिरतात. या सरळ दात्यांमुळेच धावत्या मोटारीतून एक उंच, सलग शीळ ऐकू येते. ज्याने ती एकदा ऐकली, त्याला डोळे मिटूनही हा ॲक्सल ओळखता येतो.

हिशोब सोपा आहे. समजा क्राउन-पिनियन ४.११ चे आहे, वरच्या गिअरला २६ दाते आहेत आणि खालच्याला २०. २६ भागिले २० म्हणजे १.३०, त्याला ४.११ ने गुणले की ५.३४ मिळतात. तीच जोडी वर-खाली केली की गुणोत्तर ३.१६ वर येते. दोन शाफ्टमधले अंतर ठरलेले असल्यामुळे जोडीतील दात्यांची बेरीज साधारण तेवढीच राहते. २४ आणि २२ ची जोडी घातली तर ४.४८, आणि उलटी घातली तर ३.७७. गिअरांची एक पेटी जवळ असली की एकाच ॲक्सलमध्ये डझनावारी गुणोत्तरे हाताशी असतात.

हे इतके महत्त्वाचे का, ते मिजेटकडे पाहिले की कळते. या मोटारींना नेहमीचा गिअरबॉक्स नसे. ढकलून सुरू करायच्या आणि शर्यत संपेपर्यंत एकाच गुणोत्तरावर चालवायच्या. पाव मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर वळणातून झेप हवी, म्हणजे मोठे गुणोत्तर; एक मैलाच्या ट्रॅकवर सरळ रेषेतला वेग हवा, म्हणजे लहान. शिवाय मातीचा ओलावा संध्याकाळभरात बदलत जातो आणि त्याबरोबर पकडही. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी, मोटार जॅकवर चढते, झाकणाखाली ट्रे सरकतो, नट सैल होताच काळे, गरम ऑइल धारेने उतरते, आणि गिअर स्प्लाइनवरून (शाफ्टवरच्या लांबट खाचांवरून) हातानेच ओढून काढता येतात. अर्ध्या तासापूर्वी चुकलेला अंदाज इथे दुरुस्त करता येतो.

या प्रकारातील सर्वांत गाजलेले नाव हॅलिब्रँड. टेड हॅलिब्रँड यांनी महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात कल्व्हर सिटी येथे मॅग्नेशियमची चाके आणि ॲक्सल ओतायला सुरुवात केली. १९५० च्या दशकातील इंडियानापोलिसच्या रोडस्टर या ठेंगण्या शर्यतीच्या मोटारींमध्ये त्यांचे काम जागोजाग होते. अमेरिकन शर्यतपटू लान्स रेव्हेंटलो यांच्या स्कॅरॅब या स्पोर्ट्स मोटारीतही हॅलिब्रँडचा क्विक-चेंज होता. फोर्ड व्ही-८ च्या जुन्या ॲक्सलचे दोन्ही बाजूंचे कर्णे (चाकांकडे जाणारी कर्ण्याच्या आकाराची कवचे) तसेच ठेवून मधला भाग तेवढा बदलणारा 'व्ही-८ क्विक-चेंज' हॉट-रॉडवाल्यांच्या, म्हणजे जुन्या मोटारी वेगासाठी बदलून घेणाऱ्यांच्या, खास आवडीचा. पण बाजारात हॅलिब्रँड एकटे नव्हते. सायक्लोन, कसाले, कॉन्झ, पॅट वॉरन, फ्रँकलँड अशा लहानमोठ्या कारखान्यांनी असे ॲक्सल बनवले. दुर्मीळ नमुने बहुधा या दुसऱ्या रांगेतून निघतात, आणि ओळखण्यात घोटाळाही तिथेच होतो.

ओळख पटवताना पहिली नजर ओतीव अक्षरांकडे जाते. झाकणावर, हौसिंगच्या पोटाखाली आणि कडेला नाव, गाव किंवा भाग-क्रमांक शोधावा. मात्र झाकण हा सर्वांत सहज बदलला जाणारा भाग आहे. त्यावरचे नाव झाकणाची ओळख देते, ॲक्सलची नव्हे. बोल्टची मांडणी जुळत असेल तर एकाचे झाकण दुसऱ्यावर खुशाल बसते. 'कल्व्हर सिटी' ही अक्षरेही फार भरवशाची मानू नयेत, कारण त्या धाटणीचे नवे ॲक्सल आजही बनतात. नवे ओतकाम बहुधा ॲल्युमिनियमचे असते आणि जुने पुष्कळदा मॅग्नेशियमचे, म्हणून धातू पाहणे नावापेक्षा जास्त उपयोगाचे ठरते.

धातू हाताला कळतो. मॅग्नेशियमची घनता १.७४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, ॲल्युमिनियमची २.७०. एवढा मोठा ओतीव तुकडा उचलताना अपेक्षेपेक्षा हलका लागला तर शंका घ्यावी. नजरेआडच्या कोपऱ्यातला रंग खरवडून उघड्या धातूवर साध्या व्हिनेगरचा एक थेंब टाकावा. मॅग्नेशियम लगेच बुडबुडे सोडते, ॲल्युमिनियम स्वस्थ बसते. थेंब पुसून जागा धुऊन कोरडी करावी. घासून, ठिणगी पाडून परीक्षा मात्र कधीच करू नये. मॅग्नेशियमचा बारीक चुरा पेट घेतो आणि त्या आगीवर पाणी टाकल्यास हायड्रोजन तयार होऊन ती भडकते.

यानंतर मोजमाप. झाकणाच्या स्टडची संख्या आणि त्यांच्यातील अंतर, बाजूच्या कर्ण्यांचे बोल्ट-वर्तुळ, क्राउनचा व्यास, शाफ्टच्या स्प्लाइन, हे सगळे कागदावर उतरवावे. गिअरांच्या आतल्या भोकाला ६ स्प्लाइन आहेत की १०, हा फरक कळीचा आहे. एका प्रकारचा गिअर दुसऱ्या शाफ्टवर चढत नाही, त्यामुळे सुटे गिअर कुठल्या कुळातले शोधायचे ते इथेच ठरते. गिअरांच्या तोंडावर दात्यांचा आकडा ठोकलेला असतो. तरीही दाते स्वतः मोजावेत.

आतले क्राउन-पिनियन उघडण्याआधी बाहेरूनही काही कळते. डिफरेन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसलेल्या, पक्क्या जोडलेल्या ॲक्सलमध्ये चाक एक फेरा फिरवावे आणि पुढचा शाफ्ट किती फेरे घेतो ते मोजावे. डिफरेन्शियल असेल तर एक चाक धरून दुसरे दोन फेरे फिरवावे. आलेल्या आकड्याला वरच्या-खालच्या गिअरच्या गुणोत्तराने भागले की क्राउन-पिनियन हाती येते. ५.३४ भागिले १.३० म्हणजे ४.११, अर्थात बहुधा ३७ आणि ९ दाते. फोर्डच्या त्या काळच्या ॲक्सलमध्येही ४.११ मिळत असे, म्हणून या एका आकड्यावरून ॲक्सल कोणी बनवला ते ठरत नाही. इतर खुणांशी तो जुळतो का, एवढेच पाहावे.

बरेच जुने ॲक्सल मिश्र असतात. शर्यतीत मोडलेला भाग त्याच आठवड्यात जे मिळेल त्याने बदलला गेला, कर्णे कापून आखूड केले, तडा गेलेले हौसिंग वेल्ड केले. अशा ॲक्सलला बनावट म्हणणे अन्यायाचे आहे. तो ज्या अवस्थेत धावला, तीच त्याची खरी अवस्था. वर्णनात मधला भाग अमुक, झाकण तमुक, असे तुकड्या-तुकड्याने लिहावे.

सफाईची घाई करू नये. साठलेल्या ग्रीसखाली जुना रंग, मोटारीचा क्रमांक, कधी मेकॅनिकने कोरलेले गुणोत्तर सापडते. आधी सगळ्या बाजूंचे फोटो घ्यावेत, मग ग्रीस रॉकेलने आणि ब्रशने उतरवावे. गंज काढणारी ॲसिडे मॅग्नेशियम खातात, आणि कॉस्टिक सोडा मॅग्नेशियमला फारसे करत नसला तरी ॲल्युमिनियमचे झाकण बघता बघता खराब करतो. पोलादी बोल्टच्या भोवती पांढरी भुकटी दिसली तर तिथला धातू आतून पोखरलेला असू शकतो. तिथे रंग-परीक्षेने (तड्यांत झिरपून ते उघड करणारा रंग लावून) तडे तपासल्याशिवाय त्या हौसिंगमध्ये ऑइल भरून ते मोटारीखाली घालू नये.