कोयनेची वीज : पायथ्याची आणि पोफळीची

‘कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक विसर्ग सुरू’ ही बातमी वाचली की अनेकांना वाटतं, कोयनेची वीज तयार होते ती इथेच. बऱ्याच धरणांचं तसं असतंही. कोयनेचं मात्र नाही.

धरणाच्या पायथ्याशी २० मेगावॉटचे दोन संच आहेत. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. म्हणजे ४० वगळता बाकी सगळी वीज सह्याद्रीच्या पलीकडे, चिपळूण तालुक्यातल्या पोफळी-अलोरे भागात, डोंगर कोरून बांधलेल्या वीजगृहांत तयार होते.

याचं कारण नदीच्या वाटेत आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना घाटमाथ्यालगत दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळते. या वळणाआधीच्या दुर्गम खोऱ्यात १९६४ साली धरण पूर्ण झालं. उंची १०३ मीटर. पण शिवसागराच्या, म्हणजे धरणाच्या जलाशयाच्या, पश्चिमेला डोंगराची एक भिंत ओलांडली की खाली थेट कोकण! नवजाजवळून बोगद्यांनी नेलेलं पाणी पोफळीला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळतं. वीज ठरते पाण्याचा प्रवाह आणि त्याची पडण्याची उंची यांवर, म्हणून पायथ्याशी जेवढं पाणी ४० मेगावॉट देतं, तेवढंच पोफळीत सहापटीच्या आसपास देतं. शिवाय हे अवजल, म्हणजे वीज काढून झालेलं पाणी, जवळच कोळकेवाडीत अडवून त्यावर पुन्हा वीज काढतात. मला ही योजना महाराष्ट्राच्या अभियंत्यांचं सर्वात देखणं काम वाटते.

खरा फरक मात्र पाणी जातं कुठे, हा आहे. पायथ्याचं पाणी कोयनेतच राहतं, कराडला कृष्णेला मिळतं, सांगलीपर्यंत शेतीला आणि नळाला पोचतं. उन्हाळ्यात ते सिंचनासाठीच सोडतात. वीज त्याच्या ओघात मिळते. पोफळीचं पाणी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला जातं, कृष्णेकडे परत येत नाही. म्हणूनच कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. धरणाची साठवण १०५ टीएमसी. पाऊस कमी झाला की यातल्या एकेका टीएमसीवरून ओढाताण होते, आणि तेव्हा ‘विजेसाठी पाणी सोडलं’ एवढंच म्हणणं पुरत नाही. कोणत्या वीजगृहातून सोडलं, ते विचारावंच लागतं.