नियामक मंडळ आणि संस्था विकास आराखडा (शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये)

शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचा कारभार कोणी, कोणत्या अधिकाराने चालवायचा आणि पुढील पाच-दहा वर्षांत संस्थेने कोणत्या दिशेने जायचे, हे ठरवणारी व्यवस्था. महाराष्ट्रात ती समजून घेण्यासाठी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारखे (सीओईपी) दुसरे उदाहरण नाही. सरकारी खात्यासाठी माणसे घडवणारी शाळा, विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय, स्वायत्त संस्था आणि अखेर स्वतंत्र विद्यापीठ, अशा चारही अवस्थांतून ही एकच संस्था गेली आहे.

१८५४ मध्ये पुण्यात ती सुरू झाली ती इमारती, कालवे, पूल, रेल्वे या कामांसाठी कनिष्ठ अधिकारी तयार करण्याकरिता. किती माणसे हवीत आणि त्यांना काय यायला हवे, हे बांधकाम खात्याची गरज ठरवी. वेगळ्या नियोजनाचा प्रश्नच नव्हता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथेच शिकले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. पुढे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाले आणि १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच्याकडे आले. मग अधिकार दोन ठिकाणी विभागले गेले. अभ्यासक्रम, परीक्षा व पदवी विद्यापीठाकडे. पैसा व पदे शासनाकडे. प्राचार्यांच्या हाती उरले ते वेळापत्रक आणि पत्रव्यवहार.

या रचनेत दीर्घकालीन विचार का टिकत नाही, हे एखाद्या यंत्राच्या खरेदीवरून कळते. स्थापत्य विभागाला लोखंडी सळ्यांची ताणशक्ती मोजणारे चाचणी यंत्र हवे आहे, असे धरू. विभागप्रमुख मागणीपत्र देतात, खरेदी समिती तपशील ठरवते, प्रस्ताव तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत मंत्रालयात जातो. योग्य लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातील खर्चाच्या सदराखाली) तरतूद असेल तर प्रशासकीय मान्यतेचा शासन निर्णय निघतो. त्यानंतर निविदा, तांत्रिक छाननी, दरांची तुलना. निधी बहुधा वर्षाच्या उत्तरार्धात हाती पडतो आणि ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम परत जाते. त्यामुळे मार्चमध्ये जे वेळेत मिळेल ते घेण्याकडे कल वाढतो, आणि खरे हवे असलेले यंत्र पुन्हा पुढच्या वर्षाच्या मागणीत जाते. जुने यंत्र बंद पडून कोपऱ्यात पडले असले, तरी निर्लेखनाची, म्हणजे ते नोंदवहीतून रीतसर काढून टाकण्याची, मंजुरी मिळेपर्यंत त्याची जागासुद्धा मोकळी करता येत नाही. दोष माणसांचा नाही. ज्या संस्थेचे पैशाचे वर्ष बारा महिन्यांत संपते, तिच्याकडून दहा वर्षांचा विचार मागणेच अवास्तव आहे.

ही कोंडी फुटली ती २००३ च्या सुमारास. जागतिक बँकेच्या साहाय्याने केंद्र सरकारने तंत्रशिक्षण गुणवत्ता सुधार कार्यक्रम (टेक्विप) सुरू केला. पहिल्या टप्प्यात १३ राज्यांतील १२७ संस्था होत्या आणि महाराष्ट्र त्यांत होता. या कार्यक्रमातून प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, पण पैशापेक्षा मोलाच्या ठरल्या त्याच्या अटी. संस्थेला शैक्षणिक, प्रशासकीय, वित्तीय व व्यवस्थापकीय स्वायत्तता द्यावी. अनुदान एकरकमी द्यावे. विद्यार्थ्यांचे शुल्क कोषागारात न भरता संस्थेकडेच राहू द्यावे. त्यातून स्थायी निधी, कर्मचारी विकास निधी, घसारा निधी (जुनी झालेली यंत्रे बदलण्यासाठी) व देखभाल निधी असे चार निधी उभारावेत. आणि या सगळ्यावर संस्थेचे धोरणात्मक निर्णय घेणारे नियामक मंडळ असावे. देखभाल व घसाऱ्यासाठी दरवर्षी बाजूला काढलेली रक्कम ३१ मार्चला परत जात नाही. दीर्घकालीन नियोजनाचा खरा पाया हाच आहे, आराखड्याची सुबक छापलेली प्रत नव्हे.

पुण्याच्या महाविद्यालयाला २००३ मध्ये आणि मुंबईच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेला २००४ मध्ये स्वायत्तता मिळाली. पुण्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस उभारणारे फकीरचंद कोहली यांनी भूषवले. २००६ ते २०१५ या काळात अनिल सहस्रबुद्धे संचालक होते. तेथूनच ते अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदी गेले. एकाच व्यक्तीकडे नऊ वर्षे सलग सूत्रे राहणे ही शासकीय तंत्रशिक्षणात दुर्मीळ गोष्ट आहे.

स्वायत्त शासकीय महाविद्यालयाच्या नियामक मंडळावर उद्योजक, शिक्षणतज्ज्ञ, शासनाचे व विद्यापीठाचे प्रतिनिधी आणि संस्थेतील ज्येष्ठ अध्यापक असतात. प्राचार्य सदस्य-सचिव असतात. अभ्यासक्रमाची बाब अभ्यास मंडळाकडून विद्या परिषदेकडे जाते, पैशाची वित्त समितीकडून येते. मंडळाची बैठक वर्षातून किमान दोनदा व्हावी अशी अपेक्षा असते. मंडळ किती जिवंत आहे हे विषयपत्रिकेच्या दुसऱ्या विषयावरून ओळखावे. पहिला विषय मागील इतिवृत्त कायम करण्याचा. दुसरा अनुपालन अहवाल. मागच्या बैठकीत ठरलेल्या कामांपुढे तारीख, रक्कम आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम असेल, तर मंडळ कारभार पाहते आहे. रकान्यात सलग ‘कार्यवाही सुरू आहे’ असेल, तर सदस्य कितीही नामांकित असोत, बैठक चहापानापुरतीच उरते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेकडून संस्था विकास आराखडा अपेक्षिला आहे. त्यात बलस्थाने व उणिवा, विद्यार्थिसंख्येचा अंदाज, नवे अभ्यासक्रम, अध्यापकांची गरज, इमारती व प्रयोगशाळा, निधीचे स्रोत आणि टप्प्याटप्प्याची उद्दिष्टे येतात. कागदावर हे सर्वांना जमते. अडते ते पदांपाशी. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापकांची नियमित भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते, पदांचा आकृतिबंध (कोणती पदे किती, याचा तक्ता) शासन मंजूर करते आणि बदल्याही शासनच करते. कराड, अमरावती येथील महाविद्यालये साठच्या दशकातली, नावाजलेली आणि स्वायत्त आहेत. पण विद्युत वाहनांवर नवा अभ्यासक्रम सुरू करायचे मंडळाने ठरवले, तरी तो शिकवणारा प्राध्यापक नेमणे त्याच्या हाती नसते. मग तासिका तत्त्वावर शिक्षक घेऊन वर्ष निभावले जाते. आराखडा लिहिणारे प्राचार्य दुसऱ्याच वर्षी बदलून जातात आणि नव्यांना तो आपला वाटत नाही. स्वायत्तता देताना पदांचा प्रश्न बाजूला ठेवणे ही या धोरणाची सर्वांत मोठी उणीव आहे, आणि तिची किंमत विद्यार्थी मोजतात.

पुण्याची संस्था २०२२ च्या अधिनियमाने सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ झाली. स्वायत्त असतानाही पदवी पुणे विद्यापीठाची मिळत असे. आता ती संस्था स्वतः देते. २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मेरिट ही ४,२०० कोटी रुपयांची नवी योजना मंजूर केली. जागतिक बँकेच्या साहाय्याची ही योजना २७५ शासकीय व अनुदानित तंत्रशिक्षण संस्थांसाठी असून त्यांत १०० तंत्रनिकेतने (पॉलिटेक्निक) आहेत. एकरकमी अनुदान आणि चार निधी ही पद्धत तंत्रनिकेतनांपर्यंत पोहोचली, तर तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलांनाही वेळेवर दुरुस्त झालेले लेथ यंत्र मिळू शकेल.