थ्री-कुशन बिलियर्ड्स

खिसे नसलेल्या टेबलावर तीन चेंडूंनी खेळायचा कॅरम बिलियर्ड्सचा प्रकार. टेबलाचा खेळण्याचा भाग २.८४ × १.४२ मीटर, चेंडूंचा व्यास सुमारे ६१.५ मिमी. कापडाखालचा दगड विजेवर कोमट ठेवतात. कापड दमटले की चेंडूचा मार्ग आखूड पडतो. नव्या, घसरत्या कापडावर तोच फटका लांब जातो.

पांढरा आणि पिवळा हे दोघा खेळाडूंचे चेंडू, लाल दोघांचा सामाईक. आपल्या चेंडूने उरलेल्या दोन्हींना लागायचे आणि त्यांतल्या दुसऱ्याला लागण्याआधी किमान तीनदा कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लागलेले असायचे. जमले तर एक गुण आणि पुन्हा फटका. हुकले तर पाळी प्रतिस्पर्ध्याकडे. फक्त सुरुवातीच्या फटक्यात आधी लालच लागावा लागतो. तिन्ही कुशन वेगवेगळी हवीत असे नाही, आणि पहिला चेंडू केव्हा लागावा यालाही बंधन नाही. कल्पकतेला वाव मिळतो तो इथेच. पहिला चेंडू कुशनलगत असेल, तर आधी कुशन, मग चेंडू, पुन्हा तेच कुशन असे दोन स्पर्श इंचा-दोन इंचात उरकतात. याला ‘टिकी’ म्हणतात. सरळ वाट अडली असेल तर तिन्ही कुशन आधीच घेऊन मग दोन्ही चेंडू गाठतात. हा बँक फटका.

नेमासाठी कडेवरच्या डायमंड खुणांचे गणित वापरतात. ‘फाइव्ह सिस्टिम’मध्ये आपला चेंडू निघतो त्या जागेच्या आकड्यातून तिसऱ्या कुशनचा आकडा वजा केला की पहिल्या कुशनवरचा नेम मिळतो. कोपऱ्यातून (५०) निघून तिसऱ्या कुशनवर २० गाठायचे, तर नेम ३० वर, म्हणजे समोरच्या लांब कुशनवर पलीकडच्या कोपऱ्यापासून तिसऱ्या डायमंडवर. हे गणित चेंडू कुशनवरून पुढे पळवणाऱ्या फिरकीसाठी आहे. फिरकी कमी पडली की उत्तर चुकते. तेव्हा पहिल्या फटक्यांत टेबल जोखून आकडा दुरुस्त करणे आलेच.

मार्ग बरोबर असूनही गुण हुकतो तो बहुधा ‘किस’मुळे: पहिला चेंडू फिरून आपल्याच चेंडूच्या वाटेत येतो. उपाय म्हणजे त्याला अधिक जाड (मध्याजवळ) किंवा पातळ (कडेला) लागायचे आणि बदललेला कोन फिरकीने भरून काढायचा. कोपऱ्याजवळचा चेंडू मात्र सोपा. थेट हुकला तरी कुशनवरून परतताना लागू शकतो.

बेल्जियमचे रेमंड क्यूलमन्स या प्रकारात २१ वेळा विश्वविजेते ठरले. आजच्या अव्वल खेळाडूंची सरासरी पाळीमागे दीड ते दोन गुणांच्या आसपास असते.