‘जोहार’पासून ‘सलाम’पर्यंत

मराठवाड्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत अजूनही दारात आलेल्या माणसाला ‘सलाम’ म्हणतात. वाकायचं नाही, नजर खाली घालायची नाही. उजवा हात जरासा कपाळाकडे न्यायचा आणि समोरच्याकडे बघून म्हणायचं, सलाम. माझी आजी सांगायची, तिच्या आजीला पाटलाच्या वाड्यासमोर ‘जोहार’ घालावा लागे, तोही पायरीपासून लांब उभं राहून. निजामाच्या मुलखात ‘सलाम’ हा शब्द सुभेदारापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी होता. बायबलातल्या इब्री, म्हणजे हिब्रू, ‘शालोम’चा तो सख्खा भाऊ. आजीच्या आजीने तो उचलला, तेव्हा तिला हे नातं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की हा शब्द उभं राहून म्हणता येतो.

देवाच्या ज्ञानाने जगणं आणि ख्रिस्तात आपलं खरं मोल सापडणं, या दोन गोष्टी आमच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, उपदेशात नेहमी जोडीने येतात. शहरातल्या शिबिरांत त्यांची मांडणी आता मनाच्या समाधानाच्या अंगाने होते, त्यात वावगं काही नाही. पण मराठवाड्यात हे शब्द आले तेव्हा त्यांचा संबंध मनापेक्षा पाठीच्या कण्याशी जास्त होता. इथे मोल आधी मिळालं, शहाणपण मागून शिकायला आलं. हा क्रम लक्षात ठेवला नाही, तर इथल्या ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास कळत नाही असं मला वाटतं.

शहाणपणाची वाण या भूमीला कधीच नव्हती. ‘विवेकसिंधू’ लिहिणारे मुकुंदराज अंबाजोगाईचे. परंपरा त्या ग्रंथाचं साल 1188 सांगते. एकनाथ पैठणचे, जनाबाई गंगाखेडची, नामदेव नरसीचे, रामदास जांबचे. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तर शेंबड्या पोरालाही माहीत असते: जमलेल्या संतांच्या डोक्यांवर त्यांनी थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवाचं मडकं कच्चं निघालं. शहाणपण पाठांतराने येत नाही, ते आव्यात भाजून निघावं लागतं, हे इथल्या माणसाला कुणी बाहेरून येऊन सांगण्याची गरज नव्हती.

बायबलातला विचारही याच वाटेने जातो. जुन्या करारात ‘ज्ञान’ म्हणून येणारा इब्री शब्द कारागिराच्या हातालाही लागतो. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपासाठी बकऱ्याचे केस कातणाऱ्या बायका ‘ज्ञानी’ ठरतात. तोच शब्द पुढे शलमोन राजाला लावला आहे. त्याच शलमोनाने देवाकडे संपत्ती मागितली नाही, न्याय करता यावा म्हणून समजणारं, ऐकणारं मन मागितलं. नीतिसूत्रांत परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा आरंभ म्हटला आहे. हे भय मालकाच्या आसुडाचं नव्हे. भरल्या गोदावरीत पाय टाकताना जो सावधपणा येतो, तो या भयाच्या जवळचा. दोरखंड वळणाऱ्या, केरसुण्या बांधणाऱ्या, मडकी घडवणाऱ्या माणसांना ‘तुमच्या हातातलं कसब हेही ज्ञानच’ असं धर्मग्रंथाने म्हणावं, ही साधी बाब नव्हती.

इथे थोडं मागे जातो, कारण हा धागा मला फार जवळचा आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, या दोन पेठांची नावं आहेत. इथला माल बैलगाड्यांतून भडोचच्या बंदरावर जाई आणि तिथून जहाजाने पश्चिमेला. पैठणहून मौल्यवान दगड, तेरहून तलम कापड. त्याच शतकात, 55 च्या सुमारास, ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं. करिंथही बंदराचंच गाव, भावटाव करणाऱ्यांचं. तिथल्या लोकांना तो सांगतो, तुमच्यात जगाच्या हिशेबाने ज्ञानी फार नव्हते, बलवान फार नव्हते, कुलीन फार नव्हते. देवाने जगातलं हीनदीन आणि धिक्कारलेलं निवडलं. पुढच्या पत्रात म्हणतो, ही संपत्ती आमच्याजवळ मातीच्या भांड्यांत आहे. तेरच्या कुंभारवाड्यात हे वाचून दाखवलं, तर अर्थ सांगत बसावं लागणार नाही.

एकनाथांनीही महाराच्या तोंडी ‘जोहार मायबाप’ घालून परमार्थातलं खोल ज्ञान त्याच्याकडून बोलवलं. गोदेच्या तापल्या वाळवंटात रडणाऱ्या अस्पृश्याच्या लेकराला नाथांनी कडेवर घेतल्याची कथा पैठण परिसरात आजही सांगतात. तरी भारूड संपलं की वेस होती तिथेच राही. तो दोष नाथांचा नव्हे. पण तहान लागलेली होती, ती यामुळेच.

आता जालन्याकडे. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत लहान होता, जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनऱ्यांकडे गेला म्हणून वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. पुढचा प्रश्न मोठा झाला. ख्रिस्ती घरात जेवलेला हा मुलगा प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यायचा की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावं या बाजूचे होते, आणि त्यासाठी त्यांना स्वजातीचा रोष सोसावा लागला. एका पोराचं मोल तो कुणाच्या पानावर जेवला यावरून ठरावं, यावर मुंबईतली विद्वान मंडळी भांडत होती. ही हकीकत वाचताना मला मिशनऱ्यांपेक्षा आणि पंडितांपेक्षा त्या बारा वर्षांच्या मुलाचीच जास्त आठवण येते. त्याला कुणी काही विचारलं होतं का?

थोरला भाऊ पुढे पाद्री झाला आणि 1860 च्या दशकात जालन्याला आला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यातली छावणी. शास्त्र, संस्कृत आणि इंग्रजी येणारा हा माणूस मांगवाड्यात आणि महारवाड्यात जाऊन बसू लागला. त्याच्या हातून बाप्तिस्मा घेणाऱ्यांत मांग समाजाचे लोक पुष्कळ होते. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ त्याने एक गाव वसवलं, नाव ठेवलं बेथेल. इब्रीत त्याचा अर्थ देवाचं घर. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब घरातून पळून निघतो, रात्री उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपतो, आणि तिथे त्याला स्वर्गाला लागलेली शिडी दिसते. त्या जागेचं हे नाव. ज्यांच्या नावावर कधी हातभर जमीन नव्हती, त्यांच्या गावाला याहून नेमकं नाव मिळणं कठीण. 1873 मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या ख्रिस्ती परिषदेतही नारायण शेषाद्री बोलले. त्यांचं मोठेपण मात्र मला न्यूयॉर्कपेक्षा बेथेलच्या चावडीवर जास्त दिसतं. जन्माने मिळालेली किंमत त्यांनी खाली ठेवली आणि ज्यांना किंमतच नव्हती त्यांच्या शेजारी घर बांधलं.

औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं काम रतनजी नौरोजी या पारशी घरातून आलेल्या पाद्र्याने उभं केलं. दक्षिणेला नदीपलीकडे अहमदनगरचं अमेरिकन मिशन 1831 पासून होतं. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याकडून गंगापूर-पैठणच्या बाजूला माणसं, पुस्तकं आणि गाणी येत राहिली. म्हणजे मराठवाड्यात हा विश्वास पुष्कळसा इथल्याच माणसांच्या तोंडून आला. त्यांत बायबलबाया होत्या. नऊवारी नेसून, झोळीत शुभवर्तमानाची पुस्तिका घालून वस्तीवस्तीला पायी जाणाऱ्या या बायकांची नावं अहवालांत क्वचितच सापडतात.

भाषेचंही असंच. पंडिता रमाबाईंनी साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून बायबलाचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. त्या 1922 मध्ये गेल्या. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी कबुली दिली. त्यांची अभंगांच्या वळणाची पदं ‘उपासना संगीत’मधून आमच्या मंडळ्यांत आली. टाळ-मृदंगावर म्हटलेलं टिळकांचं पद आणि ऑर्गनवरचं विलायती चालीचं गीत, दोन्ही एकाच रविवारी होतात. आमच्या खेड्यांत पहिल्याला आवाज मोठा लागतो.

दुष्काळाविषयी बोलायलाच हवं. 1876 ते 78 आणि पुन्हा 1899-1900, या दोन दुष्काळांनी दख्खन होरपळली. त्या काळात मिशनच्या दारी आलेल्यांना ‘पोटासाठी ख्रिस्ती झालेले’ म्हणून हिणवलं गेलं, अजूनही हिणवतात. काही जण भाकरीसाठी आले, हे खरंच आहे. पण याकोबाचे दहा मुलगेही धान्यासाठीच मिसरात, म्हणजे इजिप्तात, गेले होते. आणि त्यांचा भाऊ योसेफ याला तिथल्या राजाने, फारोने, शहाणा म्हटलं ते त्याने स्वप्नाचा अर्थ सांगून सात सुगीच्या वर्षांत धान्य साठवायचा सल्ला दिला तेव्हा. आपल्याकडे पेव भरून ठेवतात तसं. भुकेल्याला आधी भाकरी दिली म्हणून नंतर दिलेलं वचन खोटं ठरत नाही.

जास्त दुखतं ते दुसरंच. मंडळीत येऊनही जात पुरती गेली नाही. एका बाकावर बसणारी, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी घरं सोयरीक जमवताना मात्र महार आणि मांग म्हणूनच एकमेकांकडे पाहत आली. पौलाने करिंथच्या मंडळीला याच गोष्टीवरून झापलं होतं, की प्रभूच्या मेजावर येता आणि गरिबाला लाजवता. हे पत्र आम्ही मोठ्याने वाचतो. बाहेरून राज्याचा कायदाही उलटा पडला. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. बाबासाहेबांनी 1956 मध्ये बुद्धाची वाट धरली आणि मराठवाड्यातले बहुसंख्य भाऊबंद त्यांच्यामागे गेले. एका घरात ‘जयभीम’ आणि शेजारी ‘सलाम’, दोन्हींत कणा ताठ. त्यांच्या उभं राहण्याचा आम्हाला आदरच आहे.

‘मोल’ हा शब्द तरी पाहा. ‘अनमोल’ त्यातूनच आणि ‘मोलमजुरी’, ‘मोलकरीण’ही त्यातूनच. बीड, जालना, परभणीकडून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती माणसाला नाही, कोयत्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. आजारी पडून कामावर गेलं नाही की खाडा, त्याचे पैसे कापतात. खाडा परवडत नाही म्हणून बायकांनी गर्भाशय काढून घेतल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या आणि प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. बरोबर आलेलं लेकरू कुठल्याच हिशेबात नसतं. ते फडाच्या कडेला, वाढ्याच्या सावलीत झोपलेलं असतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, दोन चिमण्या दमडीला विकतात. लूकमध्ये तोच हिशेब असा येतो, की पाच चिमण्या दोन दमड्यांना. दोन दमड्यांच्या चार होतात. पाचवी दुकानदाराने वर घातलेली, फुकटातली. तिचाही देवाला विसर पडत नाही, असं तो सांगतो. मी हे वचन लहानपणी शब्बाथ शाळेत घोकलं होतं. ते कळलं मात्र फडाच्या कडेला, त्या लेकराकडे बघताना.

आमच्या मंडळीत कापणीचा सण टोळ्या परतल्यावर, पाडवा उलटून गेल्यावर धरतात. ज्याच्या घरी जे असेल ते आणायचं: ज्वारी, हरभरा, गव्हाची पेंढी, कोंबडी. उपासना झाली की अंगणात लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. एका वर्षी ऊसतोडीवरून चारच दिवसांपूर्वी परतलेल्या एका बाईने पदरात गुंडाळून एक अंडं आणलं होतं. घरात दुसरं काही नव्हतं. पाळकांनी ते तळहातावर धरून वर केलं आणि बोली पुकारली. दहा रुपये. पन्नास. दीडशे. कुणी घेतलं की तो ते परत मेजावर ठेवी, आणि बोली पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. ती बाई मागच्या रांगेत पोरगी मांडीवर घेऊन बसली होती. तिसऱ्या खेपेला बोली तीनशेवर गेली, तेव्हा पोरीने आईचा पदर ओढून विचारलं, “आये, आपलंच हाय ना ते?”