प्लॅस्टिकच्या कॅनमधून करंट जात नाही, म्हणूनच…

जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला टँकरचालकांनी काम बंद केलं, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंमधून इंधन बाहेर पडेना आणि नाशिकच्या पंपांवर रांगा लागल्या. अशा वेळी माणूस गाडीची टाकी भरून थांबत नाही. घरात हाताला लागेल ते भांडं घेऊन येतो. संप मिटला, पण पेट्रोलसाठी कॅनची गरज काही मिटत नाही. निफाड-दिंडोरीकडे फवारणीचं यंत्र आणि ब्रश कटर आहे, शहरात छोटा जनरेटर आहे, शिवाय घाटात गाडी बंद पडण्याची भीती आहेच.

कॅन निवडताना एक सल्ला हमखास मिळतो: ‘पत्र्याचा नको, ठिणगी उडेल. प्लॅस्टिक बरं, त्यातून करंट जात नाही.’ यातलं दुसरं वाक्य अगदी खरं आहे आणि घोटाळा नेमका तिथेच आहे.

पेट्रोल नळीतून वाहतं तेव्हा त्यात विद्युतभार तयार होतो. पेट्रोल तसं विजेचं दुर्वाहक, पण अगदी नाममात्र आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, त्यातही असतात. काही धन, काही ऋण, बेरीज शून्य. नळीच्या आतल्या पृष्ठभागाला यातल्या एका जातीचे आयन अधिक चिकटतात. विरुद्ध जातीचे त्यांच्या ओढीने जवळपास घुटमळतात, पण द्रवातच राहतात. पेट्रोल स्थिर आहे तोवर काही बिघडत नाही. प्रवाह सुरू झाला की द्रवातले आयन वाहून जातात आणि चिकटलेले मागे राहतात. म्हणजे नोझलमधून पडणारं पेट्रोल एकाच जातीचा जादा भार घेऊन डब्यात उतरतं. वेग वाढवला की भार वाढतो. वाटेत बारीक गाळणी असेल तर आणखी वाढतो, कारण घासायला पृष्ठभाग जास्त मिळतो.

आता हा भार जाणार कुठे? सजातीय भार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे तो द्रवातून डब्याच्या भिंतीकडे सरकतो. त्याला किती वेळ लागतो याचं सूत्र सुटसुटीत आहे: द्रवाची विद्युतशीलता (इंग्रजीत permittivity) भागिले त्याची वाहकता, म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता. साध्या पेट्रोलची वाहकता मीटरला १० पिकोसीमेन्स (वाहकतेचं अगदी बारीक एकक) धरली तर उत्तर पावणेदोन सेकंदांच्या आसपास येतं. इथेनॉल मिसळल्यावर वाहकता कित्येक पटींनी वाढते आणि हा वेळ त्या प्रमाणात घटतो. भिंत पत्र्याची असेल आणि डबा जमिनीवर ठेवला असेल, तर भार पत्र्यातून जमिनीत उतरतो. नोझल डब्याच्या तोंडाला टेकलेलं असेल तर काम आणखी सोपं, कारण ते नळीतल्या तारेमार्फत पंपाच्या अर्थिंगला जोडलेलं असतं. भिंत प्लॅस्टिकची असली तर मात्र भार भिंतीपर्यंत येतो आणि तिथेच अडकतो. पेट्रोल पडत राहतं, भार साठत राहतो, व्होल्टेज चढत जातं. जवळात जवळचा धातू म्हणजे नोझल आणि नोझल बरोबर वाफेच्या मधोमध.

ठिणगीची ऊर्जा काढायला बारावीचं सूत्र पुरतं: धारकता (भार साठवण्याची क्षमता) गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दोन. धारकता २० पिकोफॅरड आणि व्होल्टेज ८,००० घ्या; उत्तर येतं ०.६४ मिलिज्यूल. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं योग्य मिश्रण पेटायला साधारण पाव मिलिज्यूल पुरते. ८,००० व्होल्ट ऐकून दचकू नका. थंडीत स्वेटर काढताना जो चटका बसतो तो याच घरातला; तीनेक हजार व्होल्टच्या खालचा तर आपल्याला जाणवतही नाही. पावसाळ्यात वस्तूंवर ओलाव्याचा थर असतो, भार त्यावरून निसटतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरतो आणि हवा कोरडी पडते, तेव्हा ही पळवाट बंद होते.

मग पत्रा म्हणजे निर्धास्त? मुळीच नाही, आणि हे फारसं कोणी सांगत नाही. पत्र्याचा डबा स्कूटरच्या रबरी मॅटवर किंवा गाडीच्या डिक्कीतल्या गालिच्यावर ठेवून भरला, तर तो जमिनीपासून तुटलेला धातू होतो. प्लॅस्टिकवरचा भार जागच्या जागी अडकलेला असतो, ठिणगीत त्यातला थोडाच येतो. सुट्या धातूवरचा मात्र सगळाच्या सगळा एका फटक्यात निघतो. म्हणून डबा कोणताही असो, खाली उतरवायचा, जमिनीवर टेकवायचा, नोझल तोंडाला लावून ठेवायचं आणि धार बारीक ठेवायची. पंपावरचा पोरगा घाई करेल, करू द्या.

या सगळ्यात मोबाइलचं नाव आलं नाही. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपांवरच्या आगींच्या नोंदी गोळा केल्या. स्थिर विजेच्या, म्हणजे अशाच साठलेल्या भाराच्या, दीडशेहून अधिक निघाल्या, मोबाइलमुळे लागल्याचं सिद्ध झालेली एकही नाही. पंपावर फोन खिशात ठेवा, नियम आहे. पण बोनेटला लिंबू-मिरची बांधून, फोन बंद करून, मांडीवरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल घेणारा माणूस मला जास्त धोक्याचा वाटतो. ‘उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होईल’ हा दरवर्षी फिरणारा मेसेजही खोटा. इंडियन ऑइलने तो जाहीरपणे फेटाळला आहे.

कायदा याबाबत जुना, पण स्पष्ट आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याच्या ८ व्या कलमानुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना बाळगता येतं. भांडं मात्र घट्ट बुचाचं आणि काच, चिनीमाती किंवा धातूचं हवं. काच-चिनीमातीला मर्यादा एक लिटरची, धातूला २५ लिटरची. प्लॅस्टिक त्या यादीत नाही. ब्रिटनमध्ये १० लिटरपर्यंत प्लॅस्टिक चालतं, पण ते इंधनासाठीच बनवलेलं असावं लागतं. खाद्यतेलाचा कॅन तो नव्हे. साधं पॉलिथिलीन आणि पेट्रोल दोन्ही हायड्रोकार्बन. पेट्रोल त्या भिंतीत मुरतं आणि हळूहळू पलीकडे झिरपतं. बंद कॅनलाही वास येतो तो त्यामुळे.

घरासाठी पाच लिटरचा पत्र्याचा डबा पुरे. आटे पाडलेलं झाकण, पेट्रोलने न फुगणारा वायसर, आणि ओतताना हवा आत घेणारी वेगळी वाट बघून घ्या. ही वाट नसली की पेट्रोल गचके देत सांडतं. १९३७ मध्ये जर्मनांनी बनवलेल्या २० लिटरच्या लष्करी कॅनमध्ये ती होती. काठोकाठ भरू नका. पहाटेच्या १० अंशांत भरलेले पाच लिटर दुपारी ४० अंशांच्या डिक्कीत जवळपास १४० मिली फुगतात. मुळात डबा डिक्कीत कायमचा ठेवूच नका. वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, फरशीवरून सरकत जाते; देवघर आणि गॅस गीझर यांपासून डबा लांबच बरा.

रिकाम्या डब्याबद्दल लोक फार बेफिकीर असतात. हवेत वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली तरच ती पेटते. भरलेल्या बंद डब्यात ती इतकी दाट असते की आत पेटायला हवाच पुरत नाही. पाच लिटरच्या रिकाम्या डब्यात मात्र तळाशी अर्धा ते दोन मिली पेट्रोल उरलं, तरी मिश्रण नेमकं त्या पट्ट्यात येतं. अर्धा मिली म्हणजे दहाएक थेंब. असा डबा भोक बुजवायला वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका, नवा घ्या.