तवंग

तवंग : रस्सा, कट किंवा आमटीवर साचणारा तेलाचा थर. मिसळीच्या गाड्यावर यालाच तर्री म्हणतात. सातारा-सांगलीकडे रश्शाची पहिली पारख या लालभडक थरावरून होते.

तेल वर तरंगते ते हलके असल्यामुळे. शेंगतेलाची घनता साधारण ०.९१, पाण्याची १. ते मिसळत नाही त्याचे कारण वेगळे. पाण्याच्या रेणूला धन-ऋण टोके असतात आणि हे रेणू एकमेकांना धरून राहतात. तेलाच्या लांब रेणूंना त्यात शिरकाव मिळत नाही. ढवळले की तेलाचे बारीक थेंब होतात, थांबले की ते पुन्हा एकत्र येऊन वर चढतात.

मिरचीचा लाल रंग, तिखटपणा देणारे कॅप्सेसिन आणि हळदीचा पिवळा रंग तेलात उतरतात, पाण्यात फारसे नाही. मीठ मात्र पाण्यातच राहते. म्हणून नुसता तवंग चाखून मीठ ठरवू नये. तळापासून ढवळून चव बघावी.

चार जणांच्या कटाला ४ मोठे चमचे तेल पुरते. कांदा-खोबऱ्याचे वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परतावे. तेल सुटले म्हणजे वाटणातले पाणी उडाले. आच मंद करून २ मोठे चमचे कांदा-लसूण मसाला घालावा आणि लगेच पाण्याचा हबका मारावा. पाणी आहे तोवर मसाला १०० अंशांच्या फार वर तापत नाही, करपत नाही. मग १ लिटर गरम पाणी घालून उकळी आणावी, मंद आचेवर १० मिनिटे ठेवावे, गॅस बंद करून ५ मिनिटे हात लावू नये. खळाखळा उकळत राहिल्यास तेलाचे थेंब बारीक होऊन आत अडकतात आणि कट फिका, गढूळ दिसतो. दाण्याचे कूट जास्त झाले तरी तेच होते, कारण कुटाचे कण थेंबांना धरून ठेवतात. अशा वेळी वरून कच्चे तेल ओतणे ही चूकच. त्यात ना रंग, ना तिखट. चमचाभर तेल तापवून गॅस बंद करावा, अर्धा मिनिट थांबून त्यात लाल तिखट घालावे आणि ते वर सोडावे.

तापलेल्या तेलात पाणी पडणे मात्र धोक्याचे. जड पाणी तेलाखाली जाते, १८० अंशांच्या तेलात क्षणात त्याची वाफ होते आणि ती सुमारे १,६०० पट फुगून तेल उडवते. फोडणीत ओला कढीपत्ता तडतडतो तो यामुळेच. पाने फडक्याने कोरडी करून घ्यावीत. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात टाकू नये. गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवावे आणि कढई पूर्ण गार होईपर्यंत ते उचलू नये.