चेहऱ्यावरचा रंग लपवण्यासाठी की दाखवण्यासाठी?

माणसाने तोंड रंगवायला सुरुवात केली ती शिकारीत लपण्यासाठी, असं सर्रास सांगितलं जातं. पण सगळ्यात जुन्या रंगांत जिथे-तिथे सापडतो तो लाल गेरू. झुडपात दडून बसायचं तर लाल कोण फासेल?

दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे १,००,००० वर्षांपूर्वीचे दोन शिंपले मिळाले. त्यांत गेरूची पूड, कुटलेलं हाड आणि कोळसा एकत्र कालवल्याच्या खुणा होत्या, जवळच रंग वाटायचे दगड. कातडी कुजून जाते, म्हणून रंगवलेला गाल काही सापडत नाही. रंगाचं भांडं तेवढं मागे उरतं.

कोड्याचा एक धागा सावजाच्या डोळ्यांत आहे. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्याकडे तीन प्रकारच्या, हरणांकडे दोनच. आपल्याला भडक वाटणारा लाल त्यांना मळकट दिसतो. आजचे शिकारी भगभगीत नारिंगी जाकीट घालून बिनधास्त हिंडतात ते याच जोरावर. म्हणजे गेरू लावलेला माणूस हरणाच्या नजरेत भरत नाही, पण सोबत्यांना लांबूनही दिसतो. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण मग लपणं आणि मिरवणं यांतलं एकच निवडायची गरज उरत नाही.

माणसापासून लपायचं असेल तर मात्र वेगळी युक्ती लागते. सैनिक कपाळ, नाक, गालाची हाडं असे चमकणारे उंचवटे काळपट करतात आणि डोळ्यांखालचे, हनुवटीखालचे खोलगट भाग उजळ ठेवतात. उजेड-सावलीचा खेळ उलटा झाला की चेहरा चेहऱ्यासारखा दिसतच नाही. प्राण्यांच्या पाठी गडद आणि पोटं फिकट का असतात, हे अ‍ॅबट थायर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ मध्ये मांडलं, त्यातलंच हे तत्त्व.

रंगाचे साधे फायदेही आहेत. नामिबियातल्या हिंबा स्त्रिया लोण्यात गेरू कालवून अंगाला आणि केसांना लावतात. त्याने ऊनही कमी बाधतं आणि रूपही खुलतं. २०१९ च्या एका प्रयोगात पांढरे पट्टे ओढलेल्या गडद पुतळ्यापेक्षा नुसत्या गडद पुतळ्यावर गोमाश्या सुमारे दहापट जास्त आल्या.

पण माणसाने रंगाला खरं कामाला लावलं ते बोलण्यासाठी. ब्रिटनमधले त्या काळचे लोक अंगाला निळा रंग लावतात आणि त्यामुळे लढाईत जास्त भयंकर दिसतात, असं रोमन सेनापती ज्यूलियस सीझरने लिहून ठेवलंय. तिथे लपायचा प्रश्नच नव्हता. चीनच्या पेकिंग ऑपेरात तर रंगांची भाषाच तयार झाली. लाल म्हणजे निष्ठा, म्हणून सेनापती ग्वान यूचा चेहरा लाल. पांढरा म्हणजे कपट, म्हणून धूर्त सत्ताधीश त्साव त्सावचा पांढराफटक. न्यायाधीश बाव काळा, कारण तो कुणाची भीड ठेवत नाही. पात्र मंचावर पाऊल टाकतं तेव्हा शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही, तोंडातून शब्द फुटायच्या आत, हा कोण ते कळलेलं असतं.